खेळ मुलांचा, कसब ताईंचे

पहिलीतल्या मुलाला कोणत्या आणि किती भाषा शिकवाव्यात, या प्रश्नावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र ढवळून निघाला. एप्रिल आणि जूनमध्ये काढलेले शासन निर्णय सरकारला २९ जूनला मागे घ्यावे लागले. सहा वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाविषयी एवढी चर्चा या राज्यात बऱ्याच वर्षांत झाली नव्हती आणि ती झाली हे चांगलेच झाले. मात्र त्या साऱ्या गदारोळात एक साधी गोष्ट फारशी कोणाच्या तोंडी आली नाही. पहिलीच्या वर्गाच्या दारात उभे राहणारे मूल कोऱ्या पाटीसारखे येत नाही. त्याआधीची तीन वर्षे ते कोठेतरी, कोणाच्या तरी हाताखाली काढून आलेले असते. गावातल्या अंगणवाडीत, वस्तीतल्या बालवाडीत, नाहीतर सोसायटीच्या तळमजल्यावर भरणाऱ्या नर्सरीत. त्या तीन वर्षांत मुलांसमोर बसलेली बाई दिवसभर नेमके काय करते, याविषयी आपण सहसा बोलत नाही.

बोलत नाही याचे कारण उघड आहे. लहान मुले सांभाळायला कसले आले आहे शिक्षण, अशी आपली मनोमन समजूत असते. 'मुलांना खेळवते' हे वाक्य आपण एखाद्या शिक्षिकेविषयी उच्चारतो, तेव्हा त्यात कौतुकापेक्षा सूट अधिक असते. वस्तुतः तीन ते सहा वयाच्या मुलांना खेळू देत असतानाच त्यांना शिकवत नेणे, हे शिक्षण व्यवसायातले कदाचित सर्वांत अवघड काम आहे. ते अवघड का आहे, हे समजण्यासाठी ते जवळून पाहावे लागते.

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका वस्तीतल्या अंगणवाडीत सकाळचा काही वेळ बसण्याचा योग आला. दहा बाय बाराची खोली, एका भिंतीला टेकवलेली धान्याची पोती, आणि मधल्या मोकळ्या जागेत चार मुलांनी मांडलेले भाजीचे दुकान. बाटल्यांची झाकणे ही वांगी, चिंचोके हे पैसे. दुकानदार साडेचार वर्षांचा. खेळ रंगला होता, पण पुढे सरकत नव्हता. प्रत्येक गिऱ्हाईक येई, ओंजळभर झाकणे उचली आणि निघून जाई. दुकानदार रडकुंडीला आला होता. अंगणवाडीच्या ताई काही वेळ नुसत्या पाहत उभ्या राहिल्या. मग खुंटीवरची पिशवी घेऊन त्या रांगेत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

'काका, वांगी कशी दिली?' या प्रश्नावर दुकानदार एकदम मोठा झाला. 'दहा रुपये,' तो म्हणाला. ताईंनी पाच वांगी मागितली, पण तीन मोठी आणि दोन लहान. आता मोजणे भागच होते. मुलाने झाकणे एकेक करून पिशवीत टाकली, तिसऱ्यानंतर गडबडला आणि चार टाकून थांबला. ताईंनी चूक दाखवली नाही. पिशवी उघडून पुढे धरली आणि म्हणाल्या, 'घरी पाच माणसं आहेत हो, प्रत्येकाला एक यायला हवं.' पोराने पिशवीत डोकावून पाहिले, स्वतःशी पुटपुटत पुन्हा मोजले आणि एक लहान झाकण त्यात टाकले. तेवढ्यात एका मुलीने पुठ्ठ्याचा तुकडा आणला. त्यावर तिने खडूने नागमोडी रेघा ओढल्या होत्या. 'हा बोर्ड आहे,' तिने जाहीर केले. 'काय लिहिलंयस?' 'ताजी भाजी.' ताईंनी तिच्या रेघांच्या खाली, त्या तशाच ठेवून, 'ताजी भाजी' अशी अक्षरे काढली आणि पुठ्ठा तिच्या हाती परत दिला. मग त्या खेळातून बाहेर पडल्या. हे सारे चार-पाच मिनिटांत आटोपले असेल.

बाहेरून पाहणाऱ्याला यात काय दिसेल? एक बाई मुलांशी खेळली, इतकेच. पण त्या चार-पाच मिनिटांत एका मुलाला आकडे म्हणणे आणि वस्तू मोजणे यांतला फरक हाताला जाणवला. एक ते वीस घडाघडा म्हणणारी मुले घरोघरी असतात; एका वस्तूला एकच आकडा जोडायचा, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, हे त्यांना आपोआप उमगत नाही. दुसऱ्या मुलीला, बोललेले कागदावर उतरते आणि तिने ओढलेल्या रेघांना त्या मोठ्या माणसाच्या लेखी काही किंमत आहे, हे कळले. वाचन-लेखनाची सुरुवात बाराखडीच्या पुष्कळ आधी, या जाणिवेपासून होते. आणि ताईंनी जे केले त्याहून, जे केले नाही ते अधिक महत्त्वाचे होते. त्यांनी खेळ थांबवून 'चला, आता आपण पाच मोजू या' असे म्हटले नाही. तसे म्हटले असते तर दुकान तेथेच मोडले असते.

मोठ्या माणसाच्या या नेमक्या मदतीला शिक्षणशास्त्रात जे इंग्रजी नाव रूढ झाले, त्याचा अर्थ परांची. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ते प्रथम आले. तीन, चार आणि पाच वर्षांच्या तीस मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला देऊन, मदत करणारी शिक्षिका केव्हा काय करते, हे त्यांनी बारकाईने नोंदवले होते. तीन वर्षांच्या मुलांना आधी त्या कामाच्या नादी लावावे लागे, तोंडी सूचनांचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नसे. चार वर्षांच्यांना आपण काय करायला निघालो होतो याची आठवण द्यावी लागे. पाच वर्षांच्यांना मुख्यतः 'बरोबर आहे ना?' एवढ्याच्या उत्तराची गरज असे. इमारत चढत जाते तशी परांची वर सरकते आणि बांधकाम पुरे झाले की उतरवली जाते. ती फार लवकर काढली तर गवंडी पडतो. काढलीच नाही तर घरात उजेड येत नाही. आपल्या अंगणवाडीत ही तिन्ही वयाची मुले एकाच खोलीत, एकाच बाईसमोर बसतात. म्हणजे तिला एकाच वेळी तीन उंचीच्या परांच्या सांभाळायच्या असतात.

आता शहरी पालकांच्या परिचयाच्या दृश्याकडे वळू. त्याच अंगणवाडीपासून दोन गल्ल्या अलीकडे एका इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीतली साडेतीन वर्षांची मुले चार रेघी वहीत एका अक्षराचे पान भरत होती. त्यांच्या बोटांचे स्नायू अजून पेन्सिलीच्या पकडीला तयार नसतात. मणी ओवणे, माती मळणे, मटाराच्या शेंगा सोलणे, कागद फाडून चिकटवणे या उद्योगांतूनच ती तयारी होते. पण मटार सोलल्याचे पान घरी दाखवता येत नाही. या नर्सरीला नावे ठेवणे सोपे आहे. पण तिथल्या शिक्षिकेवर आणि तिथे फी भरणाऱ्या आईबापांवर सारा दोष टाकणे अन्यायाचे होईल. रिक्षा चालवून, धुणीभांडी करून फी भरणाऱ्या माणसाला आपल्या पैशांचा पुरावा हवा असतो, आणि वही हा पुरावा आहे. खेळाचा पुरावा त्याला कोणी वाचून दाखवलेला नसतो. मुलांच्या खेळात काय घडले हे पालकांना त्यांच्या भाषेत सांगता येणे, हाही या शिक्षिकेच्या कसबाचा भाग आहे. तो तिला कोणी शिकवत नाही.

अर्थात वहीविरोधी मंडळींचाही एक भाबडेपणा आहे. मूल खेळता खेळता आपोआप शिकते, मोठ्यांनी फक्त मध्ये पडू नये, असे आपल्याकडच्या बालशिक्षणप्रेमी वर्तुळात हिरिरीने सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. याबाबत दिल्लीत झालेला एक प्रयोग डोळे उघडणारा आहे. मोइरा डिलन, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रथम' या संस्थेच्या बालवाड्यांतील दीड हजाराहून अधिक मुलांबरोबर तो केला आणि २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष मांडले. काही मुलांना चार महिने संख्या आणि आकार यांचे खेळ खेळू दिले. कोणत्या पत्त्यावर ठिपके जास्त, कोणता आकार इतरांपेक्षा वेगळा, अशा स्वरूपाचे. मुले रमली. त्यांची संख्येची आणि आकारांची उपजत समज वाढली आणि ती वाढ वर्षभरानंतरही टिकून होती. मात्र पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात त्यांना त्याचा लाभ झाला नाही. ठिपक्यांचे शहाणपण आणि फळ्यावरचा आकडा यांच्यामध्ये पूल आपोआप बांधला गेला नव्हता.

या निष्कर्षाचा अर्थ 'खेळ निरुपयोगी' असा काढणे चुकीचे ठरेल. आमच्या मते त्यातून निघणारा प्रश्न असा, की पूल बांधायचा कोणी आणि केव्हा? ताजी भाजीच्या पाटीवर मुलीच्या रेघांखाली अक्षरे काढणाऱ्या ताईंनी तो बांधला, आणि योग्य क्षणी बांधला. खेळाच्या बाजूने आणि वहीच्या बाजूने वाद घालणारे दोघेही हा क्षण ओळखणाऱ्या माणसाचा हिशेब धरत नाहीत.

महाराष्ट्राला तर हे नवे असण्याचे कारण नव्हते. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्याबरोबर काम करून तयार झालेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. मारिया माँटेसरींची पद्धती दोघींनाही मान्य होती; पण तिची महागडी साधने वारली पाड्यावर कोठून आणायची? बिया, शिंपले, पाने, काड्या, माती यांतून त्यांनी ती घडवली. मुले शाळेत येत नाहीत, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते. म्हणून शाळा घरांच्या अंगणात नेली. मोठी मुले गुरांमागे जातात. म्हणून शिक्षक कुरणात गेला आणि कुरणशाळा झाली. या प्रयोगांची नावे आज भाषणांत येतात. पण त्यामागची युक्ती विसरली जाते. मूल जे करतच आहे ते आधी पाहायचे, आणि शिकवण्याची जागा त्यातच शोधायची, ही ती युक्ती. पिशवी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या ताईंनी कोसबाडचे नाव ऐकले असेल वा नसेल, त्या करत होत्या ते तेच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. देशभरातल्या ३३ प्रकल्पांपासून निघालेली ही योजना आज सुमारे १४ लाख केंद्रांपर्यंत पोहोचली आहे. कुपोषण आणि बालमृत्यू यांविरुद्धच्या लढाईत तिने बजावलेली कामगिरी कोणी नाकारू नये. मात्र योजनेतील सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक आहे, आणि सहाही सेवा एकाच सेविकेच्या खांद्यावर आहेत. पूरक आहार, मुलांची वजने-उंची, लसीकरणाचा दिवस, गरोदर आणि स्तनदा मातांच्या भेटी, घरपोच आहाराचे वाटप, आणि २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल ॲपमध्ये या सर्वांच्या नोंदी. यांतल्या प्रत्येक कामाची आकडेवारी वर जाते. न झालेले वजन दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षिकेला दिसते. न झालेला खेळ कोणालाच दिसत नाही. तेव्हा दिवसाची ओढाताण झाली की पहिला बळी कशाचा जातो, हे सांगण्याची गरज नाही. अंगण राहिले, पाटीवर नाव राहिले आणि शिकवणे नोंदवह्यांखाली गेले.

याचे परिणामही मोजले गेले आहेत. आसाम, राजस्थान आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश (आता तेलंगणा) येथील सुमारे १४ हजार मुलांचा वयाच्या चौथ्या ते आठव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करणारा अभ्यास दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने 'असर' केंद्र आणि युनिसेफ यांच्या साह्याने केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक मुले कोठे ना कोठे पूर्वप्राथमिक वर्गात जात होती. तरीही पाचव्या वर्षी शाळेसाठी लागणारी त्यांची तयारी अपेक्षेपेक्षा बरीच कमी आढळली. खासगी वर्गांत घोकंपट्टी होती आणि अंगणवाड्यांत पुष्कळदा काहीच होत नव्हते. दोन्हीकडे वयाला साजेसा, विचारपूर्वक आखलेला खेळ दुर्मीळ होता.

धोरणकर्त्यांना हे ठाऊक नाही असे नाही. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाचे शिक्षण मूलभूत हक्क केले. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र ४५व्या अनुच्छेदात राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच उरले. ही उणीव राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने निदान कागदावर भरून काढली. तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला गेला. २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, पाठोपाठ २०२३ मध्ये खेळणी, बाहुल्या, कोडी यांची 'जादुई पिटारा' नावाची पेटी आली, आणि त्याच वर्षी अंगणवाड्यांसाठी 'पोषण भी, पढाई भी' ही मोहीम. आराखडा वाचण्याजोगा आहे. खेळाविषयी त्यात लिहिलेले बहुतांश कोसबाडला पटले असते. पण पेटी उघडणारा हात कोणाचा, या प्रश्नाशी आले की कागद घाईत असल्यासारखा वाटतो. बारावी वा अधिक शिकलेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका. तेही तिचे दैनंदिन काम सुरू ठेवून, मुख्यतः दूरस्थ पद्धतीने. मुलाने ओंजळभर झाकणे उचलली तेव्हा गप्प उभे राहावे की पिशवी घ्यावी, हे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून कसे शिकवणार? ते शेजारी बसून, करून, चुकून, आणि दिवसअखेर दुसऱ्या अनुभवी बाईशी बोलूनच येते. शिकाऊ डॉक्टराला आपण वॉर्डात पाठवतो.

शिवाय मोबदल्याचा प्रश्न आहेच. सेविकेला मिळते ते वेतन नसून मानधन. केंद्र सरकारने ठरवलेले मानधन ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० रुपये झाले. वरची भर राज्ये आपापल्या कुवतीने घालतात. महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनिसांचा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला संप जानेवारीच्या अखेरीपर्यंत लांबला होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेव्हा निकालपत्रात त्यांच्या कामाच्या ओझ्याची सविस्तर दखल घ्यावी लागली. आणि ज्यांना आपण सुस्थितीतल्या समजतो, त्या खासगी नर्सरींतल्या अनेक शिक्षिकांची स्थिती याहून फार बरी नाही. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो. त्यामुळे सहाच्या आतल्या वर्गात कोण शिकवते, एका बाईपुढे किती मुले बसतात आणि तिला किती पगार मिळतो, हे पुष्कळदा मालकाच्या मर्जीवर ठरते. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणासोबतच्या मानकांत वीस मुलांमागे एक शिक्षिका असे प्रमाण सांगितले आहे. आपल्या पाल्याच्या वर्गात ते आहे का, हे वाचकांनी एकदा मोजून पाहावे.

मग करायचे काय? येथे तमिळनाडूतला एक प्रयोग मार्गदर्शक ठरतो. अलेहांद्रो गानिमियान, कार्तिक मुरलीधरन आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी तो केला. ६४० अंगणवाड्यांपैकी निम्म्यांत अर्धवेळ काम करणारी एक जादा बाई नेमण्यात आली. तिच्याकडे फक्त मुलांचे शिक्षण. ती फार शिकलेली नव्हती, तिचे मानधन अल्प होते आणि प्रशिक्षणही थोडेच. तरीही प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षानंतर त्या केंद्रांतील मुले गणित आणि भाषा दोन्हींत स्पष्टपणे पुढे होती. गंमत म्हणजे, तेथील कुपोषण आणि खुजेपणाचे प्रमाणही घटले, कारण मूळ सेविकेला आहार-आरोग्याच्या कामाला मोकळीक मिळाली. हा उपाय खर्चाच्या मानाने कितीतरी पट परतावा देणारा आहे, असा या अभ्यासकांचा हिशेब आहे. महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. तेवढ्या अर्धवेळ ताई नेमण्याचा खर्च लहान नाही. पण दरवर्षी नवी पेटी, नवे ॲप आणि नव्या नावाची मोहीम यांवर होणारा खर्चही एकदा त्याच्या शेजारी मांडून पाहिला पाहिजे.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास वस्तीतली अंगणवाडी भाजीच्या दुकानातून पुन्हा सरकारी कार्यालयात बदलली. आहाराचे पातेले आले. दोन गरोदर बायका नावनोंदणीसाठी दारात उभ्या होत्या, फोनवर ओटीपी येत नव्हता आणि मदतनीसबाई रजेवर होत्या. दुकानदाराने ताईंना दोनदा हाक मारली. नंतर तो झाकणे एका डब्यात भरून बाजूला झाला. निघताना ताईंना विचारले, सरकारने तुम्हाला एकच गोष्ट द्यायची ठरवली तर काय मागाल? मानधनवाढ त्या म्हणतील असे वाटले होते. त्यांनी हातातला फोन पोत्यावर ठेवला. 'दहा ते साडेअकरा कोणी दार वाजवू नये,' त्या म्हणाल्या, आणि जिन्याकडे आलेल्या तिसऱ्या बाईला आत घ्यायला उठल्या.